कोऱ्या पानावरची शेड

"एवढा मोठा कागद, आन् लिवलंय काय? दोन ओळी! बाकीचं काय उंदरांनी खाल्लं? आमच्या तिकिटावर याच्यापेक्षा जास्त मजकूर असायचा."

काळुराम ठाकूर पुटपुटला. पण तो पुतळीताईंच्या खांद्यावरून वाकून पुटपुटला, त्यामुळे समोर बसलेल्या पाहुण्यांनाही ते स्वच्छ ऐकू गेलं. पंचवीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेल्या माणसाला हळू बोलणं जमत नाही.

"भाऊजी, चहा बघा जरा," पुतळीताई म्हणाल्या.

"चहा झालाय."

"मग पुन्हा बघा."

१९९९ सालचा जानेवारी होता. पेणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बावीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसलेल्या पुतळीताई पाटील, यंत्रं आपोआप नंबर जोडायला लागली तेव्हा घरी बसल्या होत्या. घरी बसून पापड लाटतील असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी लोकांच्या चौकशा करायला घेतल्या. दारावर पाटी नव्हती, पण हरवलेलं मंगळसूत्र आणि पळालेला जावई शोधायला लोक बरोबर त्यांच्याच ओटीवर येत. काळुराम त्यांच्या नवऱ्याचा दोस्त. नवरा गेला, दोस्त चहाला येत राहिला.

आजचे पाहुणे रोह्याहून आले होते. दिनानाथ घोसाळकर, आर्किटेक्ट. पांढरा शुभ्र शर्ट, गळ्यात तुळशीची माळ. स्वयंपाकघरातून जवला परतल्याचा मासळीचा वास आला तसा त्यांनी रुमाल काढला.

"माफ करा. मी माळकरी. लहानपणापासून."

"मीच माफी मागते," ताईंनी आतलं दार लोटलं. "सांगा."

"जोह्याला मूर्तिकारांची शेड आहे, १९७९ची. माझं नाव झालं ते त्या कामानं. आता इथल्या मूर्तिकारांसाठी मोठं संकुल व्हायचंय. मुंबईची समिती सोमवारी अकरा वाजता वेबसाइटवर काम बघून आर्किटेक्ट निवडणार. म्हणून मी वेबसाइट करून घेतली, इथल्याच वैशाली म्हात्रेकडून. माझा जुना ड्राफ्ट्समन होता दत्तात्रेय, त्याची मुलगी. दत्तू वारला आठ वर्षांपूर्वी. म्हटलं, पोरीला काम मिळेल."

"आणि?"

"पहिल्या पानावर शेडचं मूळ ड्रॉइंग होतं. शाईनं, ट्रेसिंगवर काढलेलं. बुधवारी सकाळी मी मुंबईला गेलो. गुरुवारी दादरला मित्राच्या ऑफिसात साइट बघितली, झकास होती. शुक्रवारी सकाळी दुसऱ्याला दाखवायला गेलो, तर हे!" त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "मित्रानं छापून दिलं."

कागदावर मधोमध मोठी मोकळी जागा होती. तिच्याखाली बारीक इंग्रजी अक्षरांत दोन ओळी: जोहे. १९७९.

"संध्याकाळी रोह्याला पोचलो. मूळ ड्रॉइंग ज्या नळीत ठेवतो ती उघडली, तर रिकामी. बुधवारी दुपारी माझा पुतण्या प्रविण वैशालीकडून स्कॅनसाठी दिलेली नळी घेऊन आला होता. त्यानं न उघडता कपाटात ठेवली. म्हणजे पोरीनं रिकामीच पाठवली. उद्या संध्याकाळपर्यंत ड्रॉइंग मिळालं नाही, तर मी पोलिसांत तिचं नाव देणार."

"तिच्याकडे नळी पाठवलीत तेव्हा ड्रॉइंग कसं होतं?"

"नुसतं गुंडाळून. वीस वर्षं तसंच आहे."

"पुतण्याला फोन करून विचारता आलं असतं मुंबईहून."

"बुधवारी संध्याकाळपासून अख्ख्या रोह्याचे फोन मेलेत. रस्ता खोदताना केबल तोडली. अजून जोडतायत."

ताईंनी कागद घडी न घालता बाजूला ठेवला. मग सहज विचारावं तसं विचारलं, "त्या शेडला भिंतीऐवजी फळ्या आहेत म्हणे. त्या कशा वापरायच्या?"

"वाऱ्यासाठी. मूर्ती वाळवायच्या असल्या की खालच्या फळ्या आधी काढायच्या, म्हणजे वारा खालून शिरतो आणि वर निघून जातो."

"अस्सं," पुतळीताई म्हणाल्या आणि उगाचच पदर नीट केला.

*

वैशालीचा कॉम्प्युटर क्लास एका पापडवाल्याच्या माडीवर होता. चार संगणक, चारांवर भरतकाम केलेली झाकणं. त्या काळी संगणकाला धुळीपेक्षा नजर जास्त लागायची. पाटीवर 'इंटरनेट' हा शब्द नवाच लिहिलेला होता आणि बाकीच्या अक्षरांपेक्षा ठळक होता.

ती सव्वीस-सत्तावीसची, डोळ्यांखाली काळं. तिनं मुंबईचा नंबर लावला. मोडेमची शिट्टी, खरखर, मग दोन मांजरं भांडल्यासारखा आवाज. पुतळीताई डोळे मिटून ऐकत राहिल्या. एक्स्चेंजमध्ये पलीकडची लाईन उचलली जायची तेव्हाचं सुख त्यांच्या चेहऱ्यावर आलं.

पान हळूहळू, वरून खाली, पट्ट्यापट्ट्यांनी उतरलं. पांढरं. कडेला बारीक नावं.

"पोरी, नक्षी वगैरे नाय काढलीस?" काळुरामनं विचारलं. "माझ्या भाच्यानं एकाची साइट दाखवली. चांदण्या लुकलुकत व्हत्या, समई फिरत व्हती. पैसा वसूल!"

वैशालीला तेवढ्यातही हसू आलं. "काका, इमारत बोलत असेल तर बाकीच्यांनी गप्प बसावं. बाबा मोठ्या कागदावर लहानसं चित्र काढायचे. आई ओरडायची, कागद फुकट घालवतो म्हणून. बाबा म्हणायचे, मोकळ्या जागेतून चित्राला वारा लागतो."

"कुठे शिकलीस हे?" ताईंनी विचारलं.

"रद्दीतून आणलेली परदेशी मासिकं. आणि दुसऱ्यांच्या साइट उसवून बघायच्या, ब्लाउज उसवून बेतणी शिकतात तशा."

तिनं आतली पानं दाखवली. रोह्याची शाळा, नागोठण्याचा दवाखाना. प्रत्येक चित्राखाली तीन ओळी: गाव, साल, आणि रचनाकार म्हणून दिनानाथ घोसाळकर.

"पहिल्या पानावरचं चित्र कुणी पुसलं तर तिथे काय दिसतं?"

"लाल फुली. आणि खालचा मजकूर वर चढतो, सगळं पान मोडतं."

"इथे फुली नाही."

"नाही." ती पडद्याकडे बघत राहिली. "चित्राच्या जागी पांढरं चित्र ठेवलंय. त्याच मापाचं."

"हे करायला काय लागतं?"

"पासवर्ड. आणि फोन. पासवर्ड माझ्याकडे आहे आणि प्रविणदादांकडे आहे."

"मूळ ड्रॉइंग नळीत घातलंस?"

"माझ्या हातांनी. मलमलीचं फडकं मध्ये घालून गुंडाळलं. दमट हवेत ट्रेसिंग चिकटतं." तिचा आवाज फाटला. "ताई, सोमवारपासून क्लासला कोण येणार माझ्याकडे? चोरटीकडे पोरी कोण पाठवतं? मी बाबांच्या हातच्या रेषा चोरेन होय?"

जिना उतरताना काळुराम म्हणाला, "पोर खोटं बोलत नाय, वहिनी."

"एकही शब्द खोटा बोलली नाही," ताई म्हणाल्या. "म्हणूनच घोर लागलाय."

*

रोह्याचं ऑफिस घोसाळकरांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत होतं. मागच्या पडवीत कडव्या वालांच्या पाट्या वाळत होत्या. प्रविण, तिशीचा, ड्रॉइंगच्या टेबलावर वाकलेला होता आणि रागावलेला होता.

"काकांची एकच शेड! वीस वर्षं तेच गाणं. मी केलेले बंगले तिसऱ्या पानावर, आणि तेही लहान."

"गुरुवारी कुठे होतात?" पुतळीताईंनी विचारलं.

"कोलाडला. बंगल्याचा स्लॅब होता. सकाळी सातपासून अंधार पडेपर्यंत मिक्सरशेजारी. मग घरी येऊन मेल्यासारखा झोपलो. विचारा मिस्त्रीला."

"नळी उघडली तेव्हा आत काय होतं?"

"काही नाही. हवा."

बोलता बोलता त्याच्या पेनाची शाई ट्रेसिंगवर पसरली. त्यानं ब्लेड घेऊन डाग हलकेच खरवडला, नखानं घासून कागद गुळगुळीत केला आणि वरून रेघ पुन्हा ओढली.

"अरे वा! कळतसुद्धा नाय," काळुराम म्हणाला.

"नुसत्या डोळ्यांना नाही कळत. उजेडावर धरलं किंवा स्कॅन करून मोठं केलं की कळतं. खरवडलेली जागा लपत नाही." एवढं बोलून प्रविण एकदम पेन पुसायला लागला. पेन आधीच स्वच्छ होतं.

कृष्णाबाई, दिनानाथांच्या पत्नी, पडवीत वाल निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला सारलं.

"तुम्ही त्या पोरीला त्रास देऊ नका हो. दत्तूभाऊंची एकुलती एक. कागद किती जपून पाठवला तिनं, मलमलीत गुंडाळून. असली माणसं चोरी करतात का?"

"तुम्हाला ड्रॉइंगमधलं कळतं?"

"मला काय कळतंय! मी चहा देणारी. त्या काळी टेबल एकच होतं, आमचं जेवायचं. हे आणि दत्तूभाऊ दोघं त्याच्यावर. मी ताटं घेऊन उभी, यांचा कागद हलेना." त्या हसल्या आणि हसता हसता थांबल्या. "किती वर्षं झाली."

"गुरुवारी घरी होतात?"

"मी कुठे जाणार? फोन नाही, हे नाहीत. घर कसं खायला उठलं होतं."

परतीच्या एसटीत काळुरामनं निकाल दिला. "पुतण्या! जळतोय काकावर. शेड गायब, मंग याचे बंगले पहिल्या पानावर. पासवर्ड हाय, कपाट घरातलं हाय. अजून काय पायजेल?"

"फोन पायजे," पुतळीताई म्हणाल्या आणि वडखळ येईपर्यंत खिडकीबाहेरच्या, खाडीच्या पाण्यानं भरलेल्या खाजणाकडे बघत बसल्या. त्यांचा जन्म तसल्याच एका खाजणाकाठच्या मिठागरवाल्या घरातला.

*

रविवारी सकाळी दोघं जोह्याला गेले.

शेड साधी होती. उंच कौलारू छप्पर, तीन बाजूंना खांब, आणि खांबांच्या खाचांत एकावर एक बसवलेल्या आडव्या फळ्या. आत शाडूच्या ओल्या मूर्ती ओळीनं. वरून येणारा उजेड दुधासारखा.

केरू मूर्तिकार हात पुसत आला. "बसा. पाटावर बसा, तिथं माती हाय."

"केरूदादा, मूर्ती वाळवायला खालच्या फळ्या आधी काढता ना?" ताईंनी विचारलं.

केरूनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. मस्करी आहे का, ते पाहिलं. "खालची आधी कशी निघंल गो ताई? वरच्या बसल्यात ना तिच्या डोक्यावर! वरची आधी. वारा मूर्तीच्या वरून जातो, वलावा वढून नेतो. जशी मूर्ती सुकंल तशी एकेक फळी खाली यायची. वल्या मूर्तीला वारा थेट लागला तर कान तडकलाच."

"उघाडीसारखं," पुतळीताई म्हणाल्या.

"व्हय! खारबांधाच्या उघाडीसारखं, बांधातल्या फळ्यांच्या दारासारखं. पाणी सोडताना वरच्या फळीपासनं सोडतात ना, तसंच. इथं पाण्याऐवजी वारा."

"हे सुचलं कुणाला?"

"कागद काढायला आलेला ना, त्याला. म्हयनाभर इथंच असायचा. मी तवा पंधरा वर्साचा. आयशीनं भाकरी दिली की जवला मागून घ्यायचा. जवल्याबिगर घास उतरायचा नाय त्याला."

"बघा! साहेबांनी किती मेहनत घेतली," काळुराम म्हणाला.

ताईंनी त्याच्याकडे प्रेमानं बघितलं, जसं गाडी सुटल्यावर पोचलेल्या प्रवाशाकडे बघतात.

"चला भाऊजी. वैशालीला घेऊन रोह्याला जायचंय. फोन सुरू झालेत का ते विचारते आधी."

फोन सुरू झाले होते.

*

चार वाजता रोह्याच्या ऑफिसात सगळे जमले. दिनानाथ खुर्चीत, कृष्णाबाई दाराला टेकून, प्रविण टेबलाच्या कडेवर. वैशाली संगणकासमोर, मांडीवर फ्लॉपीचा डबा घट्ट धरून.

"घोसाळकर साहेब, तुम्ही म्हणालात, चोर एक आहे आणि ती वैशाली आहे," पुतळीताईंनी सुरुवात केली. "तुम्ही निम्मे बरोबर आहात. ड्रॉइंग गेलं आणि चित्र पुसलं, ही दोन माणसांची दोन कामं आहेत. दोघांनी एकमेकांना विचारलेलं नाही."

"प्रविणशेठ?" काळुरामला राहवलं नाही.

"प्रविण नाही. गुरुवारी साइट नीट होती, शुक्रवारी सकाळी नव्हती. त्या वेळात रोह्यात एकही फोन चालू नव्हता. कोलाडला फोन असेल, पण स्लॅबवर संगणक कोण नेतो? फोन, संगणक आणि पासवर्ड तिन्ही एकत्र होतं ते फक्त पेणच्या माडीवर. शिवाय पान बिघडवायचं असतं, तर चित्र नुसतं उडवलं असतं. लाल फुली आली असती, मजकूर विस्कटला असता. इथे त्याच मापाचा पांढरा तुकडा बेतून लावलाय. पान दुखू नये म्हणून. असं पान सांभाळणारी एकच आहे."

वैशालीनं मान खाली घातली. "मीच केलं."

"बघा!" दिनानाथ उठले.

"बसा साहेब. तिनं अजून एक गोष्ट केली, ती तुम्ही कागद हातात असून पाहिली नाहीत. प्रत्येक चित्राखाली तीन ओळी आहेत. या पानावर दोनच. गाव ठेवलं, साल ठेवलं, फक्त रचनाकाराचं नाव काढलं. चोराला नावाशी काय करायचंय?"

दिनानाथ बसले.

"आता ड्रॉइंग. वैशालीनं ते मलमलीत गुंडाळलं. इथून गेलं ते नुसतंच गेलं होतं. बुधवारी नळी न उघडता कपाटात गेली आणि शुक्रवारी उघडली तेव्हा आत फडकंसुद्धा नव्हतं. वैशाली, मलमलीचं तू कुणाला सांगितलं होतंस?"

"तुम्हाला. काल."

"आणि काल कृष्णाबाईंनी मला सांगितलं की पोरीनं मलमलीत गुंडाळून पाठवलं. नळी न उघडता हे कळणार कसं?"

कृष्णाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग त्या आत गेल्या आणि सपाट, मोठा, मलमलीत झाकलेला कागद दोन्ही हातांवर घेऊन आल्या.

"गादीखाली ठेवला होता," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोन रात्री त्याच्यावरच झोपलात. डांबराच्या गोळ्या घालायला म्हणून नळी उघडली होती हो. कागद उजेडावर धरला, आणि कोपऱ्यात ती जागा दिसली. आता हे सगळ्या जगाला दिसणार, दत्तूभाऊंच्या पोरीच्या हातून. कागद परत नळीत घालायला माझा धीरच झाला नाही."

"कसली जागा?" काळुरामनं विचारलं.

ताईंनी कागद खिडकीशी धरला. खालच्या उजव्या कोपऱ्यात, दिनानाथांच्या नावाखाली, बोटभर लांबीचा एक पट्टा बाकी कागदापेक्षा फिकट आणि खरखरीत दिसत होता. त्यात, काट्यासारख्या बारीक, खरवडलेल्या दुसऱ्या नावाच्या उरलेल्या रेषा.

"वैशालीनं स्कॅन केला तेव्हा तिला हे दिसलं नव्हतं. साइट चढवल्यावर, गुरुवारी, तिनं तो मोठा करून बघितला असणार. हो ना?"

वैशालीनं नुसती मान हलवली.

"प्रविणलाही माहीत आहे. खरवडलेली जागा लपत नाही, असं म्हणाले आणि त्यांचं त्यांनाच टोचलं."

प्रविण खिडकीबाहेर बघत होता.

"म्हणजे या घरात सगळ्यांना माहीत आहे," पुतळीताई म्हणाल्या. "मला कागदावरून नाही कळलं. फळ्यांवरून कळलं. साहेब, खालच्या फळ्या आधी काढायच्या असं तुम्ही सांगितलंत. खाचेतली खालची फळी आधी निघतच नाही. हे खाजणाकाठच्या शेंबड्या पोराला माहीत असतं, कारण उघाडी त्याच्या दारात असते. तुम्ही वालाच्या शेतातले. तुमची चूक नाही, तुम्ही उघाडी चालवलेलीच नाही. आणि जोह्याला महिनाभर बसून ज्यानं हे बेतलं, तो भाकरीबरोबर जवला मागून खायचा. तुम्ही लहानपणापासून माळकरी."

मग ताई संगणकाकडे वळल्या.

"वैशाली, तू मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू ताई? बाबा जाईपर्यंत या घरचे दिवाळीला फराळ घेऊन यायचे. काकांनी मला काम दिलं. बाबांनी स्वतः कधी चकार शब्द काढला नाही. ते नाव मला तिथे ठेवता येईना, आणि दुसरं लिहिता येईना. म्हणून कोरं ठेवलं."

"ही माझी चौकशी संपली," ताई म्हणाल्या. "चोरी झालेली नाही. पोलिसांत जायचं तर तुम्ही जा. बाकीचं मी बोलणार नाही. ते माझं नाही."

वैशालीनं डोळे पुसले. फ्लॉपी आत सरकवली, नंबर लावला. शिट्टी, खरखर. स्कॅन केलेलं चित्र वरून खाली, पट्ट्यापट्ट्यांनी परत आलं. छप्पर, खांब, फळ्या. चित्राखाली गाव. गावाखाली साल. सालाखाली काठीसारखी उभी रेघ उघडझाप करत राहिली.

"काका," ती वळून न बघता म्हणाली, "उद्या अकराला समिती बघणार. तिसरी ओळ काय लिहू?"

फोनचा मीटर पळत होता, पण कुणी घाई केली नाही. कृष्णाबाई दारातून पुढे आल्या आणि नवऱ्याच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. खांद्यावर हात ठेवला नाही, नुसत्या उभ्या राहिल्या.

दिनानाथांनी चष्मा काढला.

"दत्तात्रेय म्हात्रे लिही," ते म्हणाले. "ती शेड माझी नाही, पोरी. तुझ्या बाबांची आहे."